गावच्या दिवाळीत टेट्रिसची स्पर्धा ठेवायची आहे, मोड कोणता ठेवू?

मेहरुण_काठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. आमचं गाव एरंडोल तालुक्यात. दिवाळीला पुणे, नाशिक, सुरतकडची सगळी पोरं घरी येतात आणि भाऊबीज झाली की मोबाइलमध्ये डोकं खुपसून ओट्यावर बसतात. म्हणून तरुण मंडळाने यंदा कॅरमच्या जोडीला टेट्रिसची स्पर्धा घ्यायचं ठरवलंय. ग्रामपंचायतीचा हॉल मिळतोय, प्रोजेक्टर शाळेचा, लॅपटॉप दोन. नावं तीसेक येतील. सगळ्यात लहान आठ वर्षांचा, सगळ्यात मोठे पासष्टीचे.

गाडं अडलंय ते मोडवर. वरून पडतं, खाली रचायचं, ओळ भरली की गायब, एवढंच मला माहीत होतं. नेटवर बघतो तर मॅरेथॉन, स्प्रिंट, अल्ट्रा, बी-टाइप, चीझ, व्हर्सस, अजून काय काय.

तीन अटी आहेत. सहाला सुरू करून साडेनऊला आटोपलं पाहिजे, कारण त्यानंतर शेवभाजीची पंगत आहे. लहान पोरं पहिल्याच फेरीत रडत घरी जायला नकोत. आणि मागे सतरंजीवर बसलेल्यांना कोण पुढे आहे ते कळलं पाहिजे. सांगा.

खापरावरचे_मांडे

मॅरेथॉन ठेवा. सगळ्यांना तोच येतो. विषय संपला.

पांझरा

मॅरेथॉन ठेवलात तर शेवभाजी दुसऱ्या दिवशी खाल.

कुठलाही मोड घ्या, ठोकळे सातच आणि मैदान १० घरं रुंद, २० घरं उंच. मोड ठरवतो ते एवढंच की खेळ कशाने संपणार. मॅरेथॉन संपतो एक तर तुम्ही वरपर्यंत भरलात की, नाहीतर १५ लेव्हल पार झाल्या की. दर १० ओळींना लेव्हल वाढते, म्हणजे एकूण १५० ओळी. ज्याला येत नाही तो दीड मिनिटात उठतो आणि ज्याला येतं तो पाव तास खुर्ची सोडत नाही. तीसांत असे पाच जण निघाले तरी वेळापत्रकाचे तीन तेरा.

स्प्रिंटमध्ये ४० ओळी घालवायच्या आणि घड्याळ बघायचं, गुणांशी काही देणंघेणं नाही. ४० ओळी म्हणजे ४०० घरं, एका ठोकळ्याची घरं चार, म्हणजे कमीत कमी १०० ठोकळे ठेवावे लागतात. नवशिक्याला एका ठोकळ्याला दोन-तीन सेकंद लागतात, मग झाली चार-पाच मिनिटं. जगातली पट्टीची मंडळी हेच काम २० सेकंदांच्या आत उरकतात. त्यांचे व्हिडिओ बघा, ठोकळा पडताना दिसतच नाही, नुसता ढीग वरखाली होतो.

वेळ तशी जमून जाईल, पण निकालाचं काय? बाविसाव्या ओळीवर जो वरपर्यंत भरला त्याच्या नावापुढे काय लिहाल? स्प्रिंटमध्ये ४० पुरे केले तरच वेळ मिळते, नाहीतर नुसती रेघ. तुमच्या आठ वर्षांच्या गड्याच्या नावापुढे रेघच येणार.

अल्ट्रा, म्हणजेच काही ठिकाणी ज्याला ब्लिट्झ म्हणतात, तो दोन मिनिटांचा. तेवढ्यात जेवढे गुण होतील तेवढे. प्रत्येकाला काही ना काही आकडा मिळतोच. दोन लॅपटॉप, तीस जण, उठबस धरून माणशी चार मिनिटं. तासाभरात पहिली फेरी आटोपते. माझं मत अल्ट्राला.

मेहरुण_काठ

रेघेचा मुद्दा पटला. स्प्रिंट बाद. बाकीच्यांचं काय म्हणणं?

भुसावळ_जंक्शन

मना नातू बी हाईच सांगस, दोन मिनिटांचा ठेवा. पण भो, आमच्या वेळच्या खेळाला कोणी विचारतच नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत ब्रिक गेम घेतला होता. डब्यावर ९९९९ इन १ लिहिलेलं. खेळ मोजून दहा-पंधरा, बाकी सगळी त्यांचीच पिल्लावळ. गाडीची शर्यत, रणगाडे, साप, आणि मुख्य म्हणजे हे ठोकळे. त्यात दोन आकडे आपल्या हातात असायचे, एक स्पीड आणि एक लेव्हल. स्पीड म्हणजे पडायचा वेग. लेव्हल चढवली की तळाशी आधीच फाटक्यातुटक्या ओळी भरून यायच्या. रनिंग रूममध्ये दोन गाड्यांच्या मधल्या वेळात आम्ही गार्ड-ड्रायव्हर तेच खेळत बसायचो. जो तरबेज त्याला लेव्हल जास्त, नव्या पोराला साफ मैदान. त्यावर चहाची पैज.

तुमच्याकडे आठ वर्षांचं पोर आणि पुण्यातला इंजिनीअर एकाच फेरीत बसवणार आहात. इंजिनीअरच्या बुडाखाली कचरा भरा, मग बघा.

पांझरा

काका, तुम्ही सांगताय तो म्हणजे गेम बॉयचा बी-टाइप.

१९८९ साली निन्टेंडोने गेम बॉय हा हातात धरून खेळायचा डबा काढला आणि अमेरिकेत त्याच्यासोबत टेट्रिसची कॅसेट डब्यातच दिली. सुरुवातीला दोन पर्याय यायचे. ए-टाइप म्हणजे भरेपर्यंत खेळा. १,००,००० गुणांच्या वर गेलात की शेवटी रॉकेट उडायचं. बी-टाइपमध्ये २५ ओळी घालवल्या की जिंकलात. वेग ० ते ९ आणि उंची ० ते ५, दोन्ही आधी निवडायचे. उंची ५ घेतली की निम्मं मैदान आधीच कचऱ्याने भरलेलं. त्याच साली घरच्या टीव्हीवरच्या निन्टेंडोसाठी आलेल्या टेट्रिसमध्येही हेच दोन प्रकार होते.

तोरणमाळ_सर

बी-टाइपचा २५ हा आकडा मला फार आवडतो. एका वेळी जास्तीत जास्त चार ओळी जातात आणि २५ ला चाराने भाग जात नाही. सहा वेळा चार झाले तरी एक उरतेच.

त्या जुन्या निन्टेंडोत गुण असे होते: एक ओळ ४०, दोन १००, तीन ३००, चार १२००, आणि या आकड्याला लेव्हल अधिक एकने गुणायचं. लेव्हल ० वर पंचवीस ओळी सुट्या सुट्या घालवल्या तर १००० गुण. त्याच पंचवीस ओळी सहा चौकड्या आणि एक सुटी अशा घालवल्या तर ७२४०. ओळी तेवढ्याच, कामही तेवढंच, गुण सातपटीहून जास्त. ए-टाइपमध्ये हे जाणवत नाही, कारण तिथे जास्त ओळी करूनही गुण वाढवता येतात. बी-टाइपमध्ये ओळींचं रेशन ठरलेलं, त्यामुळे एकही सुटी ओळ गेली की जीव हळहळतो.

सातवीच्या मुलांना सरासरी शिकवताना मी हे उदाहरण फळ्यावर घेतो. तास कधी संपला ते कळत नाही.

खापरावरचे_मांडे

सर, आम्हाला असे मास्तर का नाही भेटले?

केळीबाग_रावेर

मी टेट्रिस फार खेळलो नाही, पण पोराला खेळताना बघतो. आमच्याकडे केळीचा ट्रक भरताना जुना माणूस हातातल्या घडाकडे बघतच नाही. त्याची नजर पुढचा घड कुठे टेकेल त्या जागेवर. नवा मजूर हातातला घड कसाबसा बसवतो आणि तीन घडांनंतर अडकतो. पोराला म्हटलं, बाजूच्या चौकटीत पुढचा ठोकळा दिसतो ना, तो बघ आणि मग हातातला ठेव. दुसऱ्या दिवसापासून बरा खेळायला लागला.

तर माझा प्रश्न: तुम्ही जो मोड ठेवाल त्यात पुढचे ठोकळे किती दिसतील?

पांझरा

रावेरचे भाऊ, पोराला लाख मोलाचं सांगितलंत. जुन्या निन्टेंडोत आणि गेम बॉयमध्ये पुढचा एकच दिसायचा. आता टेट्रिओ, जेस्ट्रिससारख्या ब्राउझरमधल्या फुकट खेळांत पाच दिसतात.

शिवाय ठोकळे कुठल्या क्रमाने येतात तेही बदललंय. जुन्यात प्रत्येक वेळी जवळपास चिठ्ठीच निघायची, त्यामुळे लांब दांडी कधी कधी किती तरी वेळ यायचीच नाही. त्या दुष्काळात भले भले मेले. नव्यात पिशवीची पद्धत आहे. सातही ठोकळे पिशवीत घालायचे, एकेक काढायचा, पिशवी रिकामी झाली की पुन्हा सातही आत. म्हणजे दोन दांड्यांच्या मध्ये जास्तीत जास्त १२ ठोकळे येणार, त्याहून जास्त नाही. स्पर्धेसाठी हेच बरं, ‘मला दांडीच आली नाही’ म्हणून भांडण नको.

तोरणमाळ_सर

पिशवी नसेल तर काय होऊ शकतं, यावर गणितात कामच झालंय. नागमोडी ठोकळे दोन, एक डावा, एक उजवा. तेच आलटून पालटून येत राहिले तर खेळणारा कितीही हुशार असो, ७०,००० ठोकळ्यांच्या आत तो हरतोच, असं हायडी बर्गील यांनी १९९७ मध्ये सिद्ध करून दाखवलं. खऱ्या खेळात असा क्रम येण्याची शक्यता नगण्य. पण येऊ शकतो म्हटल्यावर कायम खेळत राहण्याची हमी कोणालाच देता येत नाही. पिशवीने तो रस्ता बंद केला.

आणि २००२ मध्ये एमआयटीतल्या तिघांनी दाखवलं की पुढचे सगळे ठोकळे आधीच सांगितले तरी जास्तीत जास्त ओळी कशा घालवायच्या हे शोधणं संगणकालाही जड जातं. त्यामुळे पोरगं चुकलं तर बापाने ओरडू नये.

अमळनेरची_ताई

मी दोन मुलांची आई म्हणून लिहिते. माझा धाकटा टेट्रिओवर खेळतो. स्पेस बार दाबला की ठोकळा सटकन खाली जाऊन चिकटतो. त्याचे आजोबा खेळायला बसले की ब्रिक गेमच्या सवयीने मोठं बटण दाबतात आणि ठोकळा भलत्याच जागी. वर ‘हा खेळ बिघडलाय’ म्हणून उठून जातात. तुमच्या पासष्टीच्या मंडळींचं तेच होणार. होल्डचं, म्हणजे ठोकळा बाजूला ठेवायच्या बटणाचंही तसंच, ठोकळा अचानक गायब होऊन कोपऱ्यात जाऊन बसतो.

अवांतर: मुलगा म्हणतो झोपताना डोळे मिटले की ठोकळे पडताना दिसतात. काळजीचं आहे का?

तोरणमाळ_सर

ताई, अवांतराचं उत्तर आधी. हा अनुभव सर्रास येतो. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली यावर अभ्यास छापला. काही दिवस टेट्रिस खेळवलेल्या लोकांना झोप लागता लागता ठोकळे दिसले. स्मृती गेलेल्या काही रुग्णांनाही दिसले, आणि त्यांना तर आपण खेळलो हेच आठवत नव्हतं. नवं काही शिकताना मेंदू ते झोपेत घोळवतो. झोपायच्या आधी तासभर बंद ठेवा, बस.

पांझरा

ताईंचा बटणांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. टेट्रिओच्या सेटिंगमध्ये बटणं बदलता येतात. एका लॅपटॉपवर स्पेस बार मोकळा सोडा, खालचा बाण दाबून हळू उतरवू द्या. होल्डचं बटण कुठल्या तरी कोपऱ्यातल्या कीवर टाका. ज्याला हवं तो शोधेल. ठोकळा कुठे बसणार त्याची फिकट सावली खाली दिसते, ती मात्र राहू द्या. ब्रिक गेमवाल्यांना सुरुवातीला त्या सावलीचाच जास्त गोंधळ होतो, पण दोन-चार ठोकळ्यांत सवय होते.

भुसावळ_जंक्शन

सावली-बिवली माले नको. 😄

एक विचारतो. आमच्या मोठ्या पोराकडे टीव्हीला लावायचा गेम होता, त्यात दोघं एकाच वेळी खेळायचे, स्क्रीनवर दोन मैदानं शेजारी शेजारी. तो मोड आता मिळतो का? बघायला मजा यायची. खेळणारे दोन आणि ओरडणारे वीस.

पांझरा

काका, अमेरिकेत निन्टेंडोने घरच्या मशीनवर काढलेल्या टेट्रिसमध्ये दोघांचा मोड नव्हता. तो होता टेंगेनच्या कॅसेटमध्ये. टेंगेन ही अटारी गेम्सची कंपनी. हक्क कोणाकडे यावरून कोर्टबाजी झाली आणि १९८९ मध्येच त्यांना ती कॅसेट बाजारातून मागे घ्यावी लागली. पुढे कॉपी कॅसेटींमध्ये मात्र ती जगभर फिरली.

गेम बॉयवर केबल जोडून दोघांना खेळता यायचं. तिथे तुम्ही दोन-तीन-चार ओळी एकदम घालवल्या की समोरच्याच्या तळाशी कचऱ्याच्या ओळी घुसायच्या. समोरचा भरला किंवा तुमच्या ३० ओळी आधी झाल्या की फेरी तुमची. आजचा सगळा व्हर्सस याच कल्पनेवर उभा आहे. आताचा साधारण हिशोब: एका ओळीला काहीच जात नाही, दोनला एक, तीनला दोन आणि चारला चार ओळी कचरा जातो. टी ठोकळा फटीत फिरवून बसवायचा आणि दोन ओळी घालवायच्या, याला टी-स्पिन डबल म्हणतात. त्याला थेट चार! म्हणजे निम्म्या ओळींत तेवढाच मार. म्हणून व्हर्ससवाली पोरं सगळा ढीग त्या एका फटीभोवती रचतात, आणि तीच पोरं मॅरेथॉनला बसली की उजवीकडे एका घराची सरळ उभी विहीर रिकामी सोडून दांडीची वाट बघतात.

२०१९ मध्ये निन्टेंडो स्विचवर टेट्रिस ९९ आला, त्यात ९९ जण एकाच वेळी एकमेकांवर कचरा टाकतात. आपल्याला दोघे पुरेत.

मेहरुण_काठ

म्हणजे अंतिम फेरी व्हर्सस ठेवली तर? एका प्रोजेक्टरवर दोन मैदानं शेजारी दिसतील. कोण बुडतंय ते आजीलाही कळेल.

केळीबाग_रावेर

+१. कचरा वर चढताना दिसतो, तेच खरं बघण्यासारखं.

सातपुड्याची_पायवाट

आमच्या हॉस्टेलला एकाने टेट्रिसचाच ग्रँड मास्टर हा प्रकार दाखवला होता. जपानच्या अरिका कंपनीचा, १९९८ चा, आर्केडसाठी केलेला. शेवटी शेवटी ठोकळा पडतच नाही, आला की थेट ढिगावर टेकलेला असतो, तुम्ही फक्त घसरवायचा. पुढच्या भागांत सर्वोच्च पदवी हवी असेल तर शेवटी खेळ बनवणाऱ्यांची नावं सरकत असताना ठेवलेले ठोकळे अदृश्य होतात आणि तरी रचत राहायचं. हा ठेवा अंतिम फेरीला!

अमळनेरची_ताई

सहा ते साडेनऊ म्हणाले ते. एवढ्यात अर्धा गाव वेडा व्हायचा.

खापरावरचे_मांडे

मग मॅरेथॉन का नको, अजून कळलं नाही. त्या अमेरिकन पोराने खेळच बंद पाडला होता म्हणतात, तोही मॅरेथॉनच ना?

पांझरा

तो ए-टाइप, जुन्या निन्टेंडोवरचा. विलिस गिब्सन, वय १३, ओक्लाहोमाचा. २१ डिसेंबर २०२३ ला लेव्हल १५७ वर खेळ गोठला, मशीनलाच पुढे जाता येईना. त्याआधी वर्षानुवर्षं लेव्हल २९ हीच शेवटची भिंत समजली जायची. तिथे ठोकळा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात वरून खाली येतो. बटण दाबून धरलं तर तो कडेपर्यंत सरकायच्या आत खाली पोचतो. मग काही जणांनी बटण थरथरत्या बोटाने दाबायला सुरुवात केली, आणि पुढे कंट्रोलरच्या पाठीवर दुसऱ्या हाताची बोटं तालात आपटायची पद्धत निघाली. तबल्यावर बसलेल्या पोराला ती लवकर जमेल.

तुमचा मुद्दा बरोबर आहे, तसल्या खेळाची मजा वेगळीच. पण तिथे एकच माणूस अर्धा-पाऊण तास खेळतो आणि बाकीचे बघतात. तुमच्याकडे तीस जणांना खेळायचंय.

खापरावरचे_मांडे

ठीक. मॅरेथॉन घरी खेळेन.

तोरणमाळ_सर

अल्ट्रात एक गोष्ट आधी ठरवा. आकडा कोणता धरणार, गुण की ओळी?

नव्या पद्धतीत एका ओळीला १००, दोनला ३००, तीनला ५००, चारला ८००, आणि त्याला लेव्हलने गुणायचं. शिवाय ठोकळा वरून एकदम टाकला तर जितकी घरं खाली गेला त्याच्या दुप्पट गुण वेगळे, खालचा बाण दाबून उतरवला तर घरामागे एकच. मोठ्यांना याने फरक पडत नाही. पण लहान पोराने दोन मिनिटांत चारच ओळी केल्या असतील तर नुसतं आपटून मिळवलेले गुण त्या ओळींच्या जवळपास जातात. ताईंच्या मुलासारखी स्पेस बारवर सरावलेली पोरं तिथेच पुढे निघतील आणि बाण वापरणारी मागे पडतील.

चौदाच्या आतल्यांना ओळी मोजा. मोठ्यांना गुण.

भुसावळ_जंक्शन

ओळी मोजायच्या म्हणजे पोरं एकेक सुटी ओळ टाकत बसतील. दांडीची वाट बघायची धाकधूक गेली तर टेट्रिस कसाले म्हणायचं?

तोरणमाळ_सर

काका, आठ वर्षांच्या पोराने दांडीची वाट बघितली तर दोन मिनिटांत भरून मोकळा होईल. आणि दोन मिनिटांत जास्तीत जास्त ओळी करायला गेलं तरी हात झरझर चालवावा लागतोच. धाकधूक मोठ्यांच्या गटाला ठेवा.

अमळनेरची_ताई

सरांशी सहमत. आणि दोन मिनिटांच्या आत कोणी भरला तर? त्याला काय?

पांझरा

भरला तिथवर जे झालं ते धरायचं. लॅपटॉपशेजारी वही घेऊन एक माणूस बसवा, स्क्रीनवरचा आकडा लगेच लिहून घ्यायचा. पुन्हा खेळायला देऊ नका, नाहीतर प्रत्येकाला एक पुन्हा हवाच असतो.

सातपुड्याची_पायवाट

क्रमाचं काय? एकाला सोपे ठोकळे आले, दुसऱ्याला अवघड, असं होणारच ना?

पांझरा

पिशवीमुळे अवघड-सोपं फारसं राहत नाही. अंतिम फेरीत दोघे टेट्रिओच्या एकाच ऑनलाइन खोलीत खेळतील, तिथे दोघांना ठोकळे त्याच क्रमाने येतात. तिथे रडगाण्याला जागा नाही.

केळीबाग_रावेर

लाइट गेली तर? दिवाळीत माळा लावल्या की आमच्याकडे संध्याकाळी एकदा जातेच.

मेहरुण_काठ

लॅपटॉप बॅटरीवर चालतील, प्रोजेक्टर नाही चालणार. शेजारच्या दुकानाचा इन्व्हर्टर सांगून ठेवतो. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. हॉलच्या दाराशी रेंज बरी असते, आत नाही, म्हणून टेबलं दाराजवळ लावू.

तोरणमाळ_सर

वाट बघणाऱ्या पोरांसाठी एक काम सुचवतो. पुठ्ठ्याचे सात ठोकळे कापून ठेवा, प्रत्येक आकाराचा एक, आणि ४ बाय ७ घरांची चौकट आखा. घरं २८, ठोकळ्यांचीही २८. म्हणावं, भरून दाखवा, बक्षीस ५०० रुपये.

खापरावरचे_मांडे

सर, पाचशे कोण देणार? मंडळाचं दिवाळं काढाल.

तोरणमाळ_सर

कोणी देणार नाही, कारण ते भरतच नाही. चौकट बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी रंगवा. १४ काळी, १४ पांढरी. बाकीचा कुठलाही ठोकळा कसाही ठेवा, दोन काळी आणि दोन पांढरी झाकतो. टी मात्र एका रंगाची तीन आणि दुसऱ्याची एक झाकतो. टी एकच असल्यावर बेरीज १४-१४ होणार कशी? दोन टी दिले तर निदान ही अडचण राहत नाही. ४ बाय १० च्या चौकटीत दहा ठोकळे मावतात, पण त्यातले टी सम संख्येतच असावे लागतात. व्हर्ससमध्ये संपूर्ण मैदान साफ करायच्या मागे लागलेले खेळाडू हा हिशोब मनात ठेवूनच खेळतात.

तासभर पोरं त्यात गुंतलेली राहतील. नंतर रंगवलेला पट दाखवा. पाचशेऐवजी ज्याने कारण ओळखलं त्याला वेफर्सचा पुडा.

केळीबाग_रावेर

पुडे माझ्याकडून. पाहिजे तेवढे.

मेहरुण_काठ

सगळ्यांचे आभार. मंडळात रात्री बोललो, असं ठरलं:

चौदाच्या आतले, दोन मिनिटं, ओळी मोजणार. चौदाच्या वरचे, दोन मिनिटं, गुण मोजणार. दोन्ही गटांतून चार-चार जण पुढे, आणि मग दोघादोघांचा व्हर्सस, तीनपैकी दोन जिंकेल तो पुढे. लहानांचा अंतिम सामना आधी, म्हणजे ते वेळेवर जेवायला बसतील. बटणं पांझराभाऊ सांगतील तशी लावू. पुठ्ठ्याचं काम सरांच्या सूचनेप्रमाणे शाळेतल्या मुलींकडे दिलंय, त्यांनी आजच कापायला घेतलंय.

बी-टाइप तेवढा राहिला. टेट्रिओच्या ब्लिट्झमध्ये तळाशी कचरा भरून द्यायची सोय नाही, आणि काकांशिवाय स्पर्धा नको. म्हणून एका टेबलावर ब्रिक गेमचे दोन डबे ठेवू. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये चौकशी केली, तसले डबे अजून मिळतात. स्पीड आणि लेव्हल काका ठरवतील, निकालही तेच देतील.

भुसावळ_जंक्शन

आते कसं बोलना! सेल मीच लई येस, दोन-दोन जादा. आणि पुण्याच्या इंजिनीअरला सांगून ठेवा, त्याला लेव्हल वरचीच लावणार.

पांझरा

काका, मी धुळ्याचाच आहे हो. येतो. शेवभाजीला माझंही नाव लिहा.

अमळनेरची_ताई

धाकट्याचं नाव चौदाच्या आत लिहा, आणि त्याच्या आजोबांचं काकांच्या टेबलावर. वेळ सहाची ना नक्की?

मेहरुण_काठ

हो ताई, सहा. नावनोंदणी साडेपाचला सुरू. दोघांची नावं लिहिली.